ऐनाची साल आणि नायलॉनचा धागा

"महाड-पोलादपूरला समुद्र कुठून आला हो?" पुस्तिकेचं काम सुरू झालं तेव्हा पहिला प्रश्न हा आला. विचारणारे गृहस्थ काही अडाणी नव्हते, तालुक्याचा नकाशा त्यांना तोंडपाठ. हरवलेल्या नाहीतर टाकून दिलेल्या जाळ्यांत अडकलेले पक्षी, त्यातही समुद्रपक्षी, कसे सोडवावेत, यावरची पुस्तिका अलिबागच्या, श्रीवर्धनच्या, फार तर मुरूडच्या पोरांनी लिहावी, डोंगरात राहणाऱ्यांनी कशाला, असं त्यांचं म्हणणं. बसल्या बसल्या मलाही ते पटलं होतं. प्रस्तावना लिहायचं कबूल करून बसलो होतो म्हणून उत्तर शोधणं भाग पडलं, नाहीतर मीही मान डोलावून घरी गेलो असतो.

उत्तर नदीतच आहे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरला सपाटीला लागते, महाडजवळ गांधारीला आणि काळ नदीला पोटात घेते आणि तिथून पुढे तिची खाडी होते. एका तीरावर बागमांडला आणि हरिहरेश्वर, दुसऱ्यावर वेसवी आणि बाणकोट, अशा दोन जिल्ह्यांच्या मधून ती समुद्राला मिळते. भरतीचं पाणी महाडपर्यंत चढतं. एके काळी त्याच पाण्यावर गलबतं महाडच्या बंदरात येत. दासगावला तर बंदर म्हणूनच ओळख होती. वरून पुराचं पाणी आणि खालून उधाणाची भरती एकाच वेळी आली की महाडची बाजारपेठ पाण्यात जाते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. समुद्र घरात येतो तेव्हा तो आमचा आणि एरवी तो श्रीवर्धनकरांचा, असं कसं चालेल? पोलादपूरला भरती पोचत नाही, कबूल. पण पोलादपूरच्या पुलावरून जे खाली पडतं ते बाणकोटला पोचतंच.

आणखी एक धागा आहे. तो मला या पुस्तिकेमुळे नव्याने सापडला.

पूर्वी जाळी सणाच्या नाहीतर सुताच्या धाग्याची असत. घरच्या बायका सूत कातत, पुरुष अंगणात बसून विणत. असलं जाळं खाऱ्या पाण्यात फार दिवस टिकत नाही, कुजतं. म्हणून त्याला साल लावत. मोठ्या हंड्यात ऐनाची साल उकळायची, काढा चांगला काळपट-तांबडा झाला की जाळं त्यात बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. सालीतल्या तुरट द्रव्यानं धागा चिवट होतो आणि कुजण्याला जरा वेळ लागतो. आणि ऐन कुठला? किनाऱ्यावर नारळ-पोफळी, ऐन डोंगरातला, आमच्याकडचा. समुद्रावरच्या कोळ्याच्या जाळ्याला रंग चढायचा तो सह्याद्रीच्या जंगलाचा. इतकी मेहनत करूनही ते जाळं दोन-चार हंगामांत संपायचंच. तुटून समुद्रात राहिलं तर काही महिन्यांत त्याचा चिखल व्हायचा. ते जाळं मरत असे.

गेल्या शतकाच्या साठीनंतर नायलॉन आलं आणि हे सगळं दोन पिढ्यांत पुसलं गेलं. नायलॉनला साल लागत नाही, हंडा लागत नाही, वाळवण लागत नाही. ते हलकं असतं, पाण्यात दिसत नाही, मासा जास्त मिळतो. कोळणीच्या हाताचे फोड गेले, हे विसरून 'पूर्वीचं चांगलं होतं' असा सूर लावणारा लेख लिहिणं सोपं आहे. मला तसला सूर लावायचा नाही. पण कुजणं हा त्या जुन्या जाळ्याचा दोष होता असं आपण धरून चाललो, आणि तो त्याचा केवढा मोठा गुण होता हे कुजणं थांबल्यावर कळलं. नायलॉनचं जाळं मालकाच्या हातून सुटलं तरी काम सोडत नाही. त्यात मासा अडकतो, तडफडतो, ते बघून वरून पक्षी झेप घेतो आणि तोही अडकतो. दोघांच्या वजनानं जाळं खाली बसतं, खेकडे येऊन दोघांना संपवतात, जाळं हलकं होऊन पुन्हा वर येतं. इंग्रजीत अशा जाळ्याला भुताचं नाव आहे. पुस्तिका लिहिणाऱ्या मुलांनी त्याचं सरळ 'भूतजाळं' केलंय. शब्द छान आहे, पण माझी एक कुरकूर आहे. आमच्याकडच्या भुतांना ठिकाण असतं, नाव असतं, वर्षाकाठी कोंबडा असतो. या भुताची राखण कोण देणार?

आता उलटा प्रवास बघा. खाली गेलेला ऐन परत येत नाही, पण नायलॉन येतं. किनाऱ्यावर निकामी झालेलं जाळं सुकट-बोंबिलाच्या टेम्पोतून आमच्याकडे येतं. कुणी ते परसातल्या भाजीला कुंपण म्हणून लावतं, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला, कुणी गवताच्या उडवीवर टाकतं. फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतं, वानरांना आणि गुरांना थोपवतं, पावसाळ्यातही टिकतं. त्या कुंपणात धामण अडकते, नाग अडकतो, क्वचित अजगर. पहाटे बांधावर उतरणारी ढोकरी अडकते. सर्पमित्रांना या भागात येणारे किती फोन साप घरात शिरल्याचे असतात आणि किती जाळ्यात गुंतल्याचे, हे त्यांनाच विचारा. पुस्तिकेतला परसबागेवरचा भाग म्हणून मला सगळ्यात मोलाचा वाटतो, जरी त्यात समुद्राचा थेंबही नाही.

माझं स्वतःचं शिक्षण मात्र नदीवर झालं, आणि ते शिकवण्याच्या तोऱ्यात असताना झालं. २०२१ च्या जुलैत, २२ तारखेच्या पुरानंतर, महाडमध्ये चिखल उपसून झाल्यावर एका सकाळी मी नदीकाठानं चालत होतो. पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते झाडांवरून कळत होतं. डोक्याच्या वर हात-दोन हात, प्रत्येक फांदीला कचरा लटकलेला: पिशव्या, साड्या, गोणपाटं, कुणाच्या देवघराचा पडदा. एका करंजाच्या फांदीला कांडाळीचा, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या लावायच्या जाळ्याचा, मोठा लगदा अडकला होता आणि त्यात एक काळी गोष्ट हलत होती. पाणकावळा. एक पंख वर ताणलेला, दुसरा अंगाखाली दुमडलेला, मान उलटी. पुरानं जाळं फांदीत अडकवलं, आणि बहुधा फांदीवर पंख वाळवायला आलेला हा पक्षी त्यात सापडला.

मी फांदी खाली ओढली, पक्ष्याला छातीशी धरलं, आणि तो चोच मारायला लागला तशी एका मुठीत त्याची चोच घट्ट आवळली. चाळीस वर्षं पोरांना निसर्ग शिकवला होता, म्हटलं आपल्याला येतं. दुसऱ्या हातानं धागे ओढायला लागलो. तेवढ्यात मागून एक भोई आला. पुरात वाहून गेलेलं आपलं जाळं शोधत तो दोन दिवस काठ धुंडाळत होता. त्यानं आधी लगदा निरखला, आस, म्हणजे जाळ्याचं भोक, किती मोठा आहे ते बोटानं बघितलं, आणि "माझं न्हाय हे," असं इतक्या निराशेनं म्हणाला की मला तो पक्ष्याबद्दल बोलतोय असंच वाटलं. मग माझ्या हाताकडे बघून ओरडला, "गुरुजी, चोच सोडा! त्याला नाक नसतं!"

त्याला नाक नसतं. पाणकावळ्याच्या बाहेरच्या नाकपुड्या बंद असतात. पाण्यात सूर मारताना आत पाणी शिरू नये म्हणून अशी रचना. श्वास तो चोचीच्या फटीतून घेतो. मी त्याला वाचवता वाचवता गुदमरवत होतो. त्या माणसानं कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. त्याच्या जाळ्यात असे पाणकावळे आयुष्यभर आले होते, त्यातले काही त्यानं सोडवले होते, काही त्याच्या हातात मेले होते, आणि कशामुळे मेले ते त्यानं लक्षात ठेवलं होतं. त्यानं डोक्याचं फडकं काढून पक्ष्याच्या डोळ्यांवर टाकलं. पक्षी शांत झाला. चोचीच्या दोन पात्यांमध्ये तर्जनी ठेवून, अंगठा खालच्या बाजूला, बाकीचा हात मानेभोवती सैल. मग धागे ओढले नाहीत. आधी जाळ्याचा तेवढाच तुकडा मोठ्या लगद्यापासून कापून वेगळा केला, पक्षी मांडीवर घेतला आणि एकेक धागा कातडीच्या बाजूनं उचलून कापला.

तो पक्षी जगला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेला. पंखाच्या मुळाशी तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, मांसात रुतला होता, आणि रक्त अडलेल्या भागात दोर सुटल्यावर काय होतं ते तेव्हा मला माहीत नव्हतं. ते या पुस्तिकेत आहे. दिसायला ठणठणीत वाटणारा, सोडल्याबरोबर पंख झाडणारा पक्षी दोन-तीन दिवसांनी का मरतो, रुतलेल्या जागेची सूज आणि कुज उशिरा का दिसते, आणि म्हणून सुटलेला पक्षी लगेच हवेत भिरकावून टाळ्या का वाजवायच्या नाहीत, हे मुलांनी पशुवैद्यकांना विचारून सविस्तर लिहिलंय. मोबाइलवर फिरणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत शेवट नेमका त्या भिरकावण्याचा असतो.

त्या सकाळपासून 'टाकून दिलेली जाळी' हा शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही. पुस्तिकेच्या पहिल्या खर्ड्यात तो पानोपानी होता. मी हट्ट धरून बऱ्याच ठिकाणी 'हरवलेली' करायला लावला. कोळी किंवा भोई चांगलं जाळं टाकत नाही. ते कर्ज काढून घेतलेलं असतं. ते खडकाला अडकतं, पुरात जातं, उधाणात तुटतं, आणि मोठ्या ट्रॉलरनं लहान होडीची जाळी फाडून नेणं हा तर किनाऱ्यावरच्या भांडणांचा नेहमीचा विषय. फाटके तुकडे मात्र टाकले जातात, समुद्रात आणि काठावर दोन्हीकडे, कारण ते घेणारं कुणी नसतं. २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आणि पर्यावरण कार्यक्रमाच्या एका अहवालात दरवर्षी साधारण ६ लाख ४० हजार टन मासेमारीचं सामान समुद्रात जातं असा अंदाज आला, आणि तेव्हापासून तो आकडा जगभरच्या लेखांत फिरतोय. तो अंदाजच आहे, मोजणी नव्हे. पुस्तिकेत तो छापू नका असं मी सुचवलं आणि मुलांनी ऐकलं. त्या आकड्याचा आपल्याला उपयोग काय? दासगावच्या खाडीत किती जाळी गेली हे भोई आळीत विचारून कळतं.

महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये एक शहाणपणाचं पाऊल टाकलं. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात आला आणि त्याला सोडवायला मच्छीमारानं जाळं कापलं, तर पुराव्यासाठी फोटो किंवा चित्रण दाखवून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष मिळून ही योजना चालवतात. तिच्यामुळे कासवं, व्हेल शार्क, डॉल्फिन जिवंत सुटले. योजनेच्या मुळाशी असलेली गोष्ट मला रकमेपेक्षा मोठी वाटते: कात्री जाळ्याला लागते तेव्हा ती कुणाच्या तरी खिशालाही लागते, हे सरकारी कागदावर मान्य झालं. पक्षी सोडवायला निघालेल्या उत्साही मंडळींनी कुणाचं वापरातलं जाळं विचारल्याशिवाय कापू नये, या पुस्तिकेतल्या सूचनेला म्हणून मी दुजोरा देतो. मालक जवळपास असेल तर त्याला हाक मारा. गाठी त्यालाच माहीत असतात, कित्येकदा कापावंही लागत नाही.

आता समुद्रपक्ष्यांकडे येतो. पावसाळ्यात, जून-जुलैत, कोकण किनाऱ्यावर मास्क्ड बूबी नावाचा पक्षी थकून येऊन पडतो. पांढराशुभ्र, बदकाहून मोठा, पंखांच्या कडा काळ्या, चेहऱ्यावर काळा मुखवटा. हा खोल समुद्रावरचा पक्षी, जमिनीशी त्याचा संबंध घरट्यापुरता. नैर्ऋत्येचा वारा त्याला ढकलत आणतो. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, म्हणून या दिवसांत एखाद्या बूबीच्या पायात जाळ्याचा तुकडा किंवा गळ सापडला, तर तो बहुधा कुठल्या तरी हरवलेल्या जाळ्याचा असणार, समोरच्या होडीचा नव्हे. पाणकावळ्यासारखंच या पक्ष्यालाही बाहेरचं नाक नसतं. आणि लोकांची दुसरी चूक इथे होते: दयेपोटी त्याला उचलून पुन्हा समुद्रात सोडतात. तो आलाय तोच मुळी उपाशी, भिजलेला, उडायची ताकद संपलेला. त्याला समुद्रात सोडणं म्हणजे बुडवणं.

या बूबीचा भाऊबंद म्हणजे उत्तर अटलांटिकमधला गॅनेट. वेल्सच्या किनाऱ्याजवळ ग्रासहोम नावाचं एक छोटंसं बेट आहे, तिथे गॅनेटची मोठी वसाहत आहे. हे पक्षी घरट्यासाठी समुद्रावरचं शेवाळ गोळा करतात, आणि शेवाळासारखं तरंगतं म्हणून दोर आणि जाळ्याचे तुकडेही उचलतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या एकेका घरट्यात सरासरी ४७० ग्रॅम प्लास्टिक भरलं, सगळ्या वसाहतीत मिळून १८ टनांवर. दर वर्षी साठेक पक्षी आपल्याच घरट्याला बांधले जातात, बहुतेक करून पिल्लं. पिल्लू वाढतं, पायातली दोरी वाढत नाही. हंगाम संपल्यावर, आईबाप उडून गेल्यावर, माणसं होडीनं तिथे जातात आणि दोऱ्या कापून एकेक पिल्लू मोकळं करतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या माणसांना हा प्रश्न सुटणार नाही हे माहीत असतं, तरी ती जातात. मला त्यांच्याबद्दल जरा आदर आणि जरा राग, दोन्ही वाटतं. रागाचं कारण मला नीट सांगता येत नाही.

वादळात समुद्रपक्षी आत येतात. सुरय, फ्रिगेटबर्ड यांच्यासारखे पक्षी वाऱ्याबरोबर किनारा ओलांडून कितीतरी आत जाऊन पडल्याच्या नोंदी आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि म्हसळा, माणगाव, महाड झोडपत आत शिरलं, तेव्हा आमची छपरं उडाली होती. पक्षी बघायला कुणाला वेळ होता? पुढचं वादळ येईल तेव्हा निदान घरात एक पुठ्ठ्याचा खोका, एक जुना टॉवेल आणि बोथट टोकाची कात्री असावी, आणि वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आठवावा, एवढी या पुस्तिकेची माफक अपेक्षा आहे. जखमी रानपक्षी घरी ठेवून पाळणं कायद्यात बसत नाही, हेही तिनं स्पष्ट सांगितलंय. त्याच्या तोंडात पाणी ओतू नका हे तर तीन वेळा सांगितलंय, आणि एकदा मोठ्या टायपात. आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायची इतकी सवय आहे की पक्षी त्या पुण्यकर्मानंच दगावतो, पाणी श्वासनलिकेत जाऊन.

डोंगरातल्या माणसांनी पक्ष्यांसाठी काय करायचं, याचं उत्तर महाडनं आधीच एकदा दिलेलं आहे. डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधानं देशभरची गिधाडं संपत आली, २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. त्या काळात महाडच्या सिस्केप संस्थेनं म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या जंगलात गिधाडांची घरटी राखली, मेलेली गुरं त्यांच्यापर्यंत पोचवायची व्यवस्था केली, गावकऱ्यांना सोबत घेतलं. सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटला लागून, वेळास आहे. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि आज त्या गावाचं नाव कासवांमुळे घेतलं जातं. दोन्हीकडे काम तडीला गेलं ते ज्यांच्या दारात तो प्राणी होता त्यांच्या हातांनी. सलीम अली यांनी सुगरणीचा गाजलेला अभ्यास १९३० मध्ये आमच्याच रायगड जिल्ह्यात, किहीमला केला. कुठल्या प्रयोगशाळेत नव्हे, घराजवळच्या झाडावर.

मुलांचं आणि माझं एका बाबतीत जमलं नाही, ते इथे नोंदवतो. त्यांना शेवटी किनारा-सफाई मोहिमेवर प्रकरण हवं होतं, टी-शर्ट, घोषणा आणि सामूहिक फोटोसकट. मी म्हणालो, हरिहरेश्वरला जाऊन कचरा उचलण्याआधी आपल्या आळीतल्या परसांतलं जाळं बघा, पुरानंतर नदीकाठच्या करंजांवरचं जाळं उतरवा. प्रकरण राहिलं, माझी सूचना त्यात दोन ओळींत आली. त्यांचं वय आहे, चालायचंच.

पुस्तिका छापायला जाण्याआधी मी तिची कच्ची प्रत त्या भोई गृहस्थांकडे घेऊन गेलो. चष्मा लावून त्यांनी मजकूर वाचला नाही, चित्रं बघितली. पाणकावळा धरलेल्या हाताच्या चित्रावर थांबले. "अंगठा वर काढलाय," म्हणाले, "असा धरला तर निसटल, आन् डोळ्यावर मारल." मी म्हटलं, मग दाखवा कसा. त्यांनी जवळ पडलेला नारळाचा सोडणा उचलला, मानेसारखा धरला, तर्जनी आत, अंगठा खाली, आणि चित्र काढणाऱ्या मुलीनं तिथेच अंगणात बसून तो हात तीनदा काढला. तिसरा त्यांना पसंत पडला. तोच आत छापलाय.